त्याच कॅसेटवर

सातव्या प्रकल्पापर्यंत येता येता ताईंना ‘मुळं’ या शब्दाचा वीट आला होता. पहिला प्रकल्प चित्रांचा, दुसरा भरतकामाचा, तिसरा आठवणींच्या नकाशांचा, मग नाटक, मग मातीकाम, मग एक असा, की ज्याचं नाव शेवटपर्यंत कुणाला धड सांगता आलं नाही. प्रत्येकाच्या अर्जात ‘ओळख’, ‘वारसा’, ‘स्थलांतर’ हे तीन शब्द असावेच लागत. ते नसले की अर्ज परत. ताईंनी एकदा रागाच्या भरात एकाच वाक्यात तिन्ही शब्द दोन-दोनदा घातले होते. तो अर्ज सगळ्यात लवकर मंजूर झाला.

आपापला देश सोडून इथं आलेल्या माणसांना गोळा करायचं, त्यांच्याकडून काहीतरी घडवून घ्यायचं आणि ते भिंतीवर लावायचं, ही ताईंची नोकरी. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक गळका नळ, तीस घडीच्या खुर्च्या आणि एक चहाची किटली, जिची वायर विशिष्ट कोनात धरली तरच पाणी तापे. एकसष्टाव्या वर्षी गुडघे जिन्याशी भांडायला लागले होते. लिफ्ट होती, पण तिच्यावर ‘लवकरच सुरू होईल’ अशी पाटी चार वर्षं होती.

सातवा प्रकल्प कॅसेटींचा होता. आपल्याकडून आलेल्या लोकांना त्याचं काही सांगायला लागलं नाही, सगळ्यांच्या घरात एखादी होतीच. फोन महाग आणि नातेवाईकांपैकी कित्येकांना लिहिता-वाचता येत नाही, अशा काळात माणसं कॅसेटवर बोलून ती पोस्टानं पाठवत. घरचे ती ऐकत, आणि ऐकून झाली की त्याच कॅसेटवर, त्याच बोलण्यावर, आपलं बोलणं भरून परत पाठवत. एक कॅसेट पाच-पाच, सहा-सहा वर्षं जात-येत राही. नवी घ्यायची कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. चांगली चालतेय की, मग कशाला?

या ‘कशाला’नं आता सगळ्यांचा घात केला होता.

कारण माणसं कॅसेट घेऊन येत ती मोठ्या आशेनं. आई-वडील गेल्यावर घर आवरताना कपाटात सापडलेली, रुमालात बांधून आणलेली. आत वडिलांचा आवाज आहे म्हणून खुर्चीच्या कडेवर बसत. आणि मशीन सुरू झालं की ऐकू येई तो स्वतःचाच आवाज, बावीस-तेवीस वर्षांचा, जरा वरच्या पट्टीतला: ‘मी मजेत आहे. काळजी करू नका.’ म्हाताऱ्यांनी शेवटी शेवटी मुलांच्या आवाजावर बोलायचं बंद केलं होतं. पुसायचा जीव झाला नसणार. इकडे मुलं समजत राहिली की घरचे रागावलेत.

चौदा कॅसेटी आल्या, त्यातल्या बारांत ‘मी मजेत आहे’ आणि दोनांत नुसती गाणी. एक वायरमन आला होता. तो स्वतः कॅसेटवर सहा मिनिटं बोललेला आणि त्याचे वडील मुळातच दोन मिनिटांचे. त्यामुळे वडिलांचं सगळं बोलणं मुलाच्या बोलण्याखाली गाडलं गेलं, आणि पुढं नुसती खरखर. वायरमननं ती खरखर पूर्ण ऐकली. मग “बरं” म्हणाला आणि गेला.

हे सगळं मशीनवर चढवायचं काम रेडिओकाकांचं. पूर्वी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकान नव्हतं पण नाव तेच राहिलं. ते कापसाला स्पिरिट लावून यंत्राचं तोंड पुसत, कॅसेट पेन्सिलीवर फिरवून सैल करत, मग आवाज कॉम्प्युटरमध्ये घेत. सगळं झालं की कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची चिमुकली पट्टी स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाकत. ती मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. “हे तेव्हाच करायला पाहिजे होतं,” असं ते दर वेळी म्हणत, आणि ताईंना दर वेळी वाटे, काका, एकदा तरी गप्प बसा.

ताईंचं काम शेजारी बसायचं. पाण्याचा ग्लास पुढं करायचा, रुमाल द्यायचा, ‘तुमचाही आवाज मोलाचाच आहे’ असं काहीतरी म्हणायचं. बारा वेळा म्हणून झालं होतं. तेराव्यांदा म्हणायची वेळ आली तर आपण किंचाळू, असं त्यांना वाटत होतं.

गुरुवारी सकाळी मॅडम आल्या. मॅडम म्हणजे नगरपालिकेच्या संस्कृती खात्याच्या, वय पस्तिशीच्या आत, उत्साह दोन माणसांचा. बरोबर सहा फुटांचा फलक. त्यावर सुंदर अक्षरात ‘मायभूमीचे आवाज’. शनिवारी उद्घाटन. भिंतीवर चौदा जागी कानाला लावायची यंत्रं बसली होती.

“ताई, मी काल सगळं ऐकलं,” मॅडम म्हणाल्या. “छानच आहे. पण यात मायभूमीचा आवाज कुठाय? सगळे इथलेच बोलतायत.”

“हो.”

“एखादी आई? एखादे आजोबा? एक तरी?”

“मॅडम, लोकांनी पुसून टाकले.”

“सगळ्यांनी?” मॅडमना ते खरंच कळेना. “असं कसं कुणी पुसेल?”

समजवायचा ताईंना कंटाळा आला होता. शिवाय त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि ते द्यायचं नव्हतं.

खिडकीशी शिंपीणमावशी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी अधू, पण अजून सुईत दोरा स्वतः ओवणाऱ्या. त्यांची कॅसेट सगळ्यात आधी ऐकून झाली होती, तरी त्या रोज येत, चहा चांगला मिळतो म्हणून. तो मुळीच चांगला नव्हता.

मॅडम फलकाची जागा मोजायला गेल्यावर मावशी म्हणाल्या, “तुझी कुठाय गं?”

“काय?”

“कॅसेट. आमच्या सगळ्यांच्या ऐकल्यास. माझी ऐकताना माझा हात धरून बसलीस. मी तिथं ढसाढसा रडले, नाक पुसलं, सगळं तू बघितलंस. तुझी कुठाय?”

“माझी नाही मावशी. पोस्टात हरवली.”

“असं.” मावशींनी चहाचा घोट घेतला. “बारा जणांना सांगितलंस, ऐका, ऐकल्यानं काही वाईट होत नाही. मला वाटलं स्वतः करून बघितल्याशिवाय कोण असं सांगेल?”

म्हातारीला काही माहीत नव्हतं. ती आपली बोलून मोकळी झाली आणि बिस्किटाचा पुडा शोधायला लागली. ताईंनी घड्याळ बघितलं. घर इथून दहा मिनिटांवर. त्या उठल्या, “आलेच,” म्हणाल्या आणि जिना उतरल्या, गुडघ्यांना काही वाटायच्या आत.

कॅसेट हरवलेली नव्हती. ती स्वेटरांच्या खणात, एका मोज्यात होती. सदतीस वर्षांत ताईंनी चार घरं बदलली, एक नवरा बदलला, मोजा मात्र तोच होता.

गोष्ट अशी. ताई बाविसाव्या वर्षी इथं आल्या, इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागल्या. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. वाफेनं हात सोलवटून निघत. घरून दर दोन महिन्यांनी कॅसेट येई. कॅसेट मुळात दादाची, मोठ्या भावाची. एका बाजूला त्याची आवडती गाणी, आणि ती कुणी पुसू नयेत म्हणून त्या बाजूची पट्टी त्यानं पहिल्याच दिवशी मोडून ठेवलेली. दुसरी बाजू आईची आणि ताईंची. अर्धा तास. आई तो अर्धा तास शेवटच्या सेकंदापर्यंत भरायची. टेप वाया घालवणं तिला जमायचं नाही, आणि गप्प बसणं तर त्याहून नाही.

शेवटची कॅसेट आली तेव्हा ताई रात्रपाळी करून आल्या होत्या. अंथरुणावर पडून लावली. पहिलं मिनिट-दीड मिनिट ऐकलं, आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा बारा वाजायला आले होते, एकला पोस्ट बंद होणार, पुढचे दोन दिवस सुट्टी. राहिलेलं पुढच्या वेळी ऐकू, असं ताईंच्या झोपाळलेल्या डोक्यानं ठरवलं. पुढच्या वेळी हे बोलणं असणारच नाही, एवढं साधं त्या क्षणी सुचलं नाही. सवयीनं टेप मागं घेतली आणि त्यावर बोलल्या. पाकिटावर पत्ता लिहीत होत्या तेव्हा घरमालकीण वर आली. फोन आहे म्हणाली. आई पहाटे गेली होती.

म्हणजे आईचं शेवटचं बोलणं अर्धवट ऐकलं, ते स्वतःच्या हातानं पुसलं, आणि ज्याच्यासाठी पुसलं ते आईनं ऐकलंच नाही. याहून मोठा मूर्खपणा ताईंना आयुष्यात करता आला नाही. दादानं फोनवर विचारलं, “आईचा आवाज आहे ना तुझ्याकडे? सांभाळ. माझ्याकडे काहीच नाही.” तेव्हा ताई म्हणाल्या, मी परत पाठवली होती रे, मिळाली नाही का? दादानं तिथल्या पोस्टात महिनाभर खेटे घातले. साहेबाला अर्ज दिला. ताईंनी त्याला थांबवलं नाही.

एकच आधार होता. त्या दिवशी आपण आईशी मनापासून बोललो होतो, अर्धा तास, सगळं सांगितलं होतं, हे ताईंना पक्कं आठवत होतं. तेवढं धरून सदतीस वर्षं निघाली.

दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत रेडिओकाकांनी मोज्यातून कॅसेट काढली, उलटीपालटी केली. ‘कुणाची?’ असं विचारलं नाही. कमी बोलण्याच्या बाबतीत तेवढं एक त्यांच्या हातून चांगलं झालं.

“या बाजूची पट्टी मोडलीय.”

“ती दादाची गाणी. दुसरी बाजू.”

“काय आहे त्यात?”

“मीच आहे, काका. अर्धा तास मीच आहे.” ताईंनी खुर्ची ओढली. “मला फक्त एकदा ऐकायचंय मी तिला काय सांगितलं ते. मग मोडा तुमची ती पट्टी.”

शेजारी कुणी नव्हतं. पाण्याचा ग्लास ताईंनी स्वतःच स्वतःपुढं ठेवला.

खरखर झाली, आणि मग तो आवाज आला. बारीक, जड, जणू कुणी अंथरुणातून उठवून बोलायला लावलंय.

“आई, मी मजेत आहे. काम चांगलं आहे. सगळे चांगले आहेत. थंडी आहे पण हीटर आहे. तू पाठवलेलं सगळं मिळालं. दादाला सांग, त्याचं पत्र मिळालं. वहिनीला विचारलं म्हणून सांग. मी... हां, जेवते वेळेवर. आता काय सांगू? तसं विशेष काही नाही. मी आज फार दमलेय गं आई, पुढच्या वेळी सगळं सांगते. पोस्ट बंद होईल. ठेवते.”

ताई काकांच्या पडद्यावरचे आकडे बघत होत्या. एक मिनिट आणि चाळीस सेकंद.

अर्धा तास नाही, दहा मिनिटंही नाही. सदतीस वर्षं जे उराशी धरलं होतं ते कधी नव्हतंच. ताईंना रडू आलं नाही, राग आला. मशीनचा, काकांचा, त्या धुलाईखान्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या झोपाळू पोरीचा. त्या उठायला लागल्या.

टक असा आवाज झाला.

“—कपाटाच्या वर ठेवली तरी तिथं हात घालतो हा. असो. मी काय सांगत होते?”

काकांचा हात हवेतच राहिला. ताई अर्ध्या उठलेल्या, तशाच.

“हां. तुझं मागचं बोलणं ऐकलं. बरं वाटलं. दोन मिनिटं बोललीस. मी नाही बाई मोजलं, दादानं मोजलं, घड्याळ लावून. त्याला काय उद्योग? म्हणतो, आई, तू अर्धा तास बडबडतेस आणि तिच्याकडून एवढंच येतं. मी म्हटलं, गप रे, दमत असेल पोर. मजेत आहे म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं. मजेतली माणसं इतकं हळू नाही बोलत.”

मागून एका पुरुषाचा आवाज आला, लांबून. “आई, उरक आता.”

“उरकते. तू जा तुझ्या कामाला. हां, तर गंमत सांगू का तुला? तुझं बोलणं संपलं ना, की टक होतं आणि पुढं मीच सुरू होते! माझं आधीचं. तुझं बोलणं ज्यावर चढलं नाही ते. पहिल्यांदा दचकलेच मी. आता सवय झालीय. तुझं ऐकायचं, आणि मग बसून आपलंच आपण ऐकायचं. किती बोलते गं मी! पण कधीकधी बरंही वाटतं, तुझ्या मागोमाग माझं येतं ते. एका खोलीत असल्यासारखं. तर तू जिवाला लावून घेऊ नकोस. दमलीस तर दोनच मिनिटं बोल. पुढचं मी बघते.”

मग आई कुणाच्या तरी मुलीच्या लग्नावर गेली, तिथून शेजारणीच्या गुडघ्यांवर. काकांनी मशीन थांबवलं. त्यांना डोळे पुसायचे होते.

ताई खाली बसल्या. पाण्याचा ग्लास काकांनीच त्यांच्या हातात दिला. त्या भरभरून बोलल्या असत्या, चांगली मुलगी असत्या, तर यातला एक शब्द उरला नसता. आपल्या कंजूसपणानं आई वाचली होती.

“अजून सव्वीस मिनिटं आहेत,” काका हळूच म्हणाले. “मॅडमना पाहिजे होती ती आई मिळाली, नाही का? भिंतीवर—”

“नाही.”

“मग त्यांना काय सांगू?”

“सांगा, पोस्टात हरवली,” ताई म्हणाल्या, इतक्या सहज, की शब्द तोंडातून बाहेर पडल्यावरच त्यांना ते ऐकू आलं.

खोलीत गळका नळ ठिबकत होता. बाहेर मॅडम कुणालातरी फलक जरा डावीकडे घ्यायला सांगत होत्या.

ताईंनी काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला. पट्टी जुनी झाली होती, नुसत्या टोकानं मोडली. मग पर्समधून फोन काढला आणि दादाला लावला. तिकडे संध्याकाळ असणार. दादा आता चौऱ्याहत्तरचा, फोन उचलायला वेळ घेई.

“काय गं, आज मध्येच? बरी आहेस ना?”

“मी मजेत...” ताई थांबल्या. “नाही रे. दमलेय. दादा, ती आईची कॅसेट पोस्टात हरवली नव्हती. माझ्याकडेच होती. मी पाठवलीच नाही. मी त्यावर बोलले होते, मला वाटलं आई पुसली गेली. तुला सांगायची हिंमत झाली नाही.”

तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. ताईंना वाटलं, ठेवला फोन. ठेवला तर बरोबरच केलं.

“महिनाभर जात होतो मी,” दादा म्हणाला. “तो पोस्टमास्तर मला लांबून बघितलं की मागच्या दारानं सटकायचा. मी त्याला नाही नाही ते बोललो गं. मेला बिचारा.”

“हो.”

“नालायक आहेस.”

“हो.”

मग एकदम, म्हाताऱ्या माणसाचा आवाज जसा मध्येच लहान होतो तसा त्याचा झाला. “वाटलं म्हणालीस. म्हणजे पुसली गेली नाही?”

“नाही. तुझी तक्रार करतेय. तू घड्याळ लावून माझं बोलणं मोजतोस म्हणून.”

“मी कुठं मोजायचो?” दादा म्हणाला. आणि मग, “किती आहे?”

“सव्वीस मिनिटं.”

“मग तू आता बोलू नकोस.”

ताईंनी काकांना मान हलवून खूण केली. काकांनी टेप थोडी मागं घेतली, ‘कपाटाच्या वर’पर्यंत, आणि ताईंनी फोन स्पीकरसमोर टेबलावर ठेवला.